ड्रॉवरमधला नंबर

सरकारी कचेरीच्या फाटकासमोर, झेरॉक्सचं दुकान आणि चपला शिवणारा यांच्यामधल्या सहा फुटांत कार्बनकाकांचं दुकान होतं. सहा फूट म्हणजे दोन्हीकडच्या भिंतींची जाडी धरून. गिऱ्हाईक आत आलं की काकांना पाय आखडून घ्यावे लागत, आणि गिऱ्हाईक जाडं असलं तर श्वासही.

'कार्बन' हे नाव पडलं ते टाइपरायटरच्या काळात. तेव्हा फाटकासमोर चार टंकलेखक बसायचे. बाकीचे तिघं एक कार्बन पेपर पार जीव जाईपर्यंत वापरायचे. काकांचा मात्र नियम होता : एक अर्ज, एक कार्बन. काम झालं की त्या कार्बनचे आठ तुकडे करायचे आणि संध्याकाळी दुकानामागच्या पत्र्याच्या डब्यात जाळायचे. कारण वापरलेला कार्बन उजेडात धरला की सगळं पत्र वाचता येतं, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कुणी भावावर दावा लावला, कुणाची सोयरीक मोडली, कुणाला कुठला आजार, सगळं काकांच्या पोटात. आणि पोट असं, की ढेकरसुद्धा बंद. दुसरा नियम म्हणजे गिऱ्हाइकाचा कागद घराचा उंबरा ओलांडणार नाही. लोकांनी थट्टेनं नाव ठेवलं, काकांनी ते पदवीसारखं मिरवलं.

पुढे टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला. अर्ज सरकारी वेबसाइटवर भरायचे दिवस आले. काकांनी पन्नाशीत माऊस धरायला शिकून घेतलं आणि तेही जमवलं. पण एक गोष्ट त्यांना शेवटपर्यंत रुचली नाही. पूर्वी अर्ज हातात द्यायचा, गिऱ्हाईक तो घडी घालून खिशात ठेवायचं. आता बटण दाबलं की अर्ज डोळ्यांदेखत नाहीसा.

"गेला का, काका?"

"गेला."

"कुठे गेला?"

काका बोट वर करायचे. माणूस गेल्यावर करतात तसं. गिऱ्हाईकही क्षणभर गंभीर व्हायचं.

काकांना घरी बायको होती, आणि दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहणारी थोरली बहीण होती, अक्का. काकांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा काकांना अक्कानंच वाढवलं, त्यामुळे साठीला टेकलेल्या या गृहस्थांना अजूनही 'बाळ' म्हणायचा हक्क तिच्याकडे होता आणि तो ती भर रस्त्यात बजावायची. अक्का चौतीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासायची. लहानपणापासून तिचा डावा डोळा अधू होता. उजव्यावर तिनं चौतीस वर्षं काढली, आणि निवृत्तीनंतर त्या उजव्यालाच जंतुसंसर्ग होऊन बुबुळावर पांढुरका पडदा आला. माणसं सावल्यांसारखी दिसायची, अक्षरं अजिबात नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुणा नेत्रदात्याचं बुबुळ मिळालं तर वाचायला येईल. सरकारी वेबसाइटवर प्रतीक्षायादीत नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. फोन आला की चार तासांत हॉस्पिटलात हजर व्हायचं. नाही झालं तर बुबुळ यादीतल्या पुढच्याला.

तोवर रोज संध्याकाळी काका अक्काकडे जाऊन तिला पेपर वाचून दाखवत. खरं तर ती परीक्षाच असायची. "थांब," अक्का म्हणायची, "तिथे स्वल्पविराम असणार. तू खाल्लास." काका बघायचे, तर खरंच स्वल्पविराम असायचा.

त्याच सुमारास टीव्हीवर ती बातमी आली.

काका जेवत होते. पडद्यावर लाल पट्टी, त्यावर लाल अक्षरं, मागे ढोल बडवल्यासारखा आवाज. बातम्या देणारा तरुण असा ओरडत होता, जणू त्याच्याच घराला आग लागली आहे. "सरकारी वेबसाइट उघडी! तुमचं नाव, तुमचा पत्ता, तुमचा फोन नंबर बाजारात! तुम्ही गाढ झोपेत होतात, आणि तिकडे तुमचा सौदा होत होता!"

"मी नव्हते बाई झोपेत," काकांची बायको म्हणाली, "मी भांडी घासत होते."

पडद्यावर एक इसम दाखवत होते. टोपी डोळ्यांवर ओढलेली, चेहरा अंधारात, समोर हिरवे आकडे धो धो कोसळताहेत. आठवडाभर रोज तोच इसम.

"हाच तो," काका चौथ्या दिवशी म्हणाले.

"तुमच्या ओळखीचा असल्यासारखं बोलताय. आमटी वाढू का?"

पेपरांनीही तीच री ओढली. काकांनी अक्काला ती बातमी दम घेत घेत वाचून दाखवली. अक्कानं डोळे मिटून ऐकली.

"परत वाच. आणि 'समजते' किती वेळा आलंय ते मोज."

काकांनी मोजलं. "चार."

"आणि 'कदाचित'?"

"तीन."

"मग उरलं काय? उद्गारचिन्हं. आमच्या छापखान्यात उद्गारचिन्हाचे शिशाचे खिळे मोजून बारा होते, म्हणून संपादक जपून ओरडायचे. आता फुकट झाल्यापासून सगळे बोंबलत सुटलेत."

"तुला थट्टा सुचतेय अक्का. लोकांची माहिती चाललीय."

"जात असेल, मी कुठे नाही म्हणते? पण कुणाची, किती, कुठून, हे यात कुठे आहे? भीती छापलीय, बातमी छापायची राहिलीय."

काकांनी मान डोलावली. पण ती नुसती मानच होती. दोन दिवसांनी एक निवृत्त बसड्रायव्हर दुकानात आले. त्यांना कचेरीतून बोलतोय असं सांगून कुणाचा तरी फोन आला होता, आणि मोबाइलवर आलेला आकडा सांगा म्हणत होता. ड्रायव्हर हुशार, त्यांनी दोन शिव्या हासडून फोन ठेवला. पण त्यांचा पेन्शनचा अर्ज काकांनी चारच दिवसांपूर्वी भरला होता.

"काका, राग मानू नका," ड्रायव्हर खाली बघत म्हणाले, "पण माझा नंबर... तुमच्याकडून तर नाही ना गेला कुठे?"

काकांनी राग मानला नाही. त्यांना काही मानताच येईना. चार दशकांत या सहा फुटांत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी त्यांनी दुकान तासभर आधी बंद केलं. (ड्रायव्हरांनी महिन्यापूर्वी एका कापडदुकानाच्या बक्षीस-पेटीत आपला नंबर चिठ्ठीवर लिहून टाकला होता, आणि ती पेटी आठवडाभर फुटपाथवर उघडी पडली होती, हे कळलं फार उशिरा. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.)

दुसऱ्या दिवशी काकांनी एक जुना बटणांचा फोन काढला, त्यात नवं सिमकार्ड घातलं आणि तो दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तेव्हापासून जो येईल त्याच्या अर्जात मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात ड्रॉवरमधला नंबर. वेबसाइट विचारायची, 'हा क्रमांक अर्जदाराचाच आहे याची खात्री देता का?' काका शांतपणे चौकटीत बरोबरची खूण करायचे. सरकारचे निरोप ड्रॉवरला येणार, काका संध्याकाळी ते वाचणार आणि ज्याचे त्याला पोचवणार. माहिती चोरलीच कुणी, तर त्याच्या हाती लागणार काय? काकांचा ड्रॉवर! टोपीवाल्या इसमाची फजिती डोळ्यांपुढे आणून काका एकटेच हसायचे.

आणि गंमत म्हणजे सुरुवातीला ते झकास चाललंही. "तुमचा दाखला तयार आहे, उद्या घेऊन जा," असं काका रस्त्यातून ओरडून सांगायचे, आणि लोकांना वाटायचं, वा, काकांची वरपर्यंत ओळख दिसतेय. वहीत नावं लिहिलेली, ड्रॉवरला कुलूप, किल्ली जानव्यासारखी गळ्यात. फोन मात्र घरी न्यायचा नाही. उंबऱ्याचा नियम फोनलाही लागू.

अशात अक्काच्या नावनोंदणीचा दिवस आला. ती काठी टेकत स्वतः दुकानात आली आणि स्टुलावर ताठ बसली. नाव, वय, आजार, सगळं भरून झालं.

"नंबर," काका स्वतःशीच पुटपुटले.

अक्कानं आपला नंबर खडाखडा म्हणून दाखवला. कीबोर्डचा आवाज मात्र झाला नाही. प्रुफं तपासणाऱ्या बाईला गाळलेलं लगेच कळतं.

"बाळ, दहा आकड्यांना एवढा विचार?"

"अक्का, मी हल्ली दुसरा नंबर घालतो. सुरक्षित असतो."

"कुणाचा?"

"आपलाच. ड्रॉवरमधला."

"डोळा माझा आणि निरोप ड्रॉवरला?"

"अगं, तू एकटी राहतेस, तुला धड दिसत नाही. असलीच माणसं हेरतात ते. उद्या कुणी गोड बोलून तुला..."

"मला कुणी गोड बोललेलं वर्ष झालं. बोलू दे की. नंबर माझाच घाल."

"हो हो."

"हो हो नको. घाल."

"घातला," काका म्हणाले, आणि ड्रॉवरमधला नंबर घालून बटण दाबलं. बोट वर केलं. अक्काला ते दिसलं नाही.

तीनेक आठवड्यांनी त्याच चॅनेलवर, हवामान आणि साबणाची जाहिरात यांच्या मधल्या फटीत, त्याच तरुणानं एका दमात सांगून टाकलं, की उघडी पडलेली यादी एका विभागाच्या चाचणी-पानावरची होती, त्यातली नावं बनावट होती, खऱ्या कुणाची माहिती बाहेर गेल्याचं आढळलेलं नाही. लाल पट्टी नाही, ढोल नाही, टोपीवाला इसमही नाही. बिचारा कुठे गेला कोण जाणे.

"ऐकलंत का?" बायको म्हणाली. "बनावट होती म्हणे."

"दाबलं बघ प्रकरण," काका म्हणाले. ओरडून सांगितलेलं खरं आणि हळू सांगितलेलं खोटं, एवढा काकांचा हिशेब सरळ होता. आणि खरं सांगायचं तर त्यांना आता ड्रॉवर आवडू लागला होता. ड्रायव्हरांनी विचारलेल्या त्या प्रश्नाला ड्रॉवर हेच त्यांचं उत्तर होतं.

मग तो शनिवार आला. शनिवार-रविवार कचेरी बंद, म्हणून दुकानही बंद. जेवण करून काका अक्काकडे गेले. दुपारभर तिला पुरवणी वाचून दाखवली. अक्का खुशीत होती. एका लेखात तिनं तीन चुका काढल्या, आणि लेखक आपल्या हाताखाली असता तर त्याला पुन्हा बाराखडी गिरवायला लावली असती असं म्हणाली. खिडकीत तिचा फोन होता. भरपूर चार्ज केलेला, आवाज मोठा करून ठेवलेला, तिला अंधारातही हाताला लागेल असा. हातभर अंतरावर. तो काही वाजला नाही.

सोमवारी सकाळी काकांनी ड्रॉवर उघडला. फोनच्या इवल्याशा पडद्यावर तीन न घेतलेले कॉल. शनिवार, दुपारी दोन दहा, दोन पंचवीस, तीन वाजता. मग एक निरोप. नेत्रपेढीतून. बुबुळ उपलब्ध आहे, सहा वाजेपर्यंत हजर राहावे.

काकांनी तो निरोप उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. शेजारचा झेरॉक्सवाला सुटे पैसे मागायला आला, तर काकांनी न मोजता मूठभर नाणी त्याच्यापुढे केली. मग त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला.

पलीकडून एक बाई बोलल्या. चांगल्या बोलल्या, हे जास्त वाईट झालं. "आम्ही तीनदा लावला हो. शेवटी पुढच्या पेशंटना बोलावलं. यादीत नाव राहील त्यांचं, काळजी करू नका. फक्त फोन जवळ ठेवायला सांगा."

"हो," काका म्हणाले. "सांगतो."

त्याच दिवशी त्यांनी वेबसाइटवर अक्काचा खरा नंबर घातला. दोन मिनिटं लागली. मग वही उघडली आणि एकेकाचा अर्ज काढून नंबर दुरुस्त करत बसले. आठवडाभर रोज संध्याकाळी दारोदार जाऊन सांगून आले, की बाबांनो, निरोप आता तुमच्याच फोनवर येतील, चूक माझी होती. कुणी हसलं. कुणी "असू दे हो काका" म्हटलं. बसड्रायव्हरांनीच तेवढ्यात बक्षीस-पेटीची गोष्ट सांगितली, आणि वर हात जोडून माफीही मागितली. ज्यानं मागायची तो आणि ज्याची मागायची तो, दोघंही दारात हात जोडून उभे.

सगळ्या वहीला सांगून झालं. राहिली अक्का.

तिला सांगायचं ठरवूनच ते रोज जायचे. जिना चढताना वाक्य जुळवायचे. दार उघडून अक्का विचारायची, "काय रे, काही निरोप?" आणि जुळवलेलं वाक्य जिन्यातच राहायचं.

"नाही अजून. यादी मोठी आहे."

"असेल. माणसं मरताना डोळ्यांचा विचार कमीच करतात. वाच."

पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती रागावली असती. महिन्यानं सांगितलं असतं, तर महिनाभर का नाही सांगितलंस म्हणून रागावली असती. जितका उशीर, तितकी गोष्ट जड, आणि जितकी जड, तितका आणखी उशीर. गावाची गुपितं पोटात ठेवणाऱ्या माणसाला आपलं स्वतःचं एक गुपित पचेना. त्यांनी टीव्ही बघणं सोडलं. बायकोनं एकदा विचारलं, "अक्कांना सांगितलंत?" काका म्हणाले, "सांगणार आहे." तिनं पुन्हा विचारलं नाही. तीही या घरात पस्तीस वर्षं होती.

चौदा महिने गेले. एका बुधवारी सकाळी दुकानात काकांचा फोन वाजला.

"बाळ," अक्काचा आवाज स्थिर होता, "आला निरोप. माझ्या फोनवर आला. रिक्षा घेऊन ये."

हॉस्पिटलात खिडकीपलीकडच्या कारकुनानं फाइल उघडली. तरुण होता, कामाला चोख होता, आणि त्याला वाचताना मोठ्यानं वाचायची सवय होती. "मागच्या वर्षी एकदा कॉल गेला होता तुम्हाला. शनिवार. तीन वेळा. उचलला नाही. बरोबर?"

काकांच्या हातातली पिशवी उगाच कुरकुरली.

अक्कानं मान कारकुनाकडेच ठेवली. "कुठला शनिवार?"

त्यानं तारीख सांगितली.

"बरोबर," अक्का म्हणाली. "तेव्हा आम्ही पुरवणी वाचत होतो."

ती बाकावर बसली. काका शेजारी बसले. समोरून ट्रॉली गेली, परत आली.

"अक्का, मी तुला..."

"मला ठाऊक होतं की तू ड्रॉवरचा नंबर घातलास," ती म्हणाली. "माझ्या नंबरात ओळीनं तीन सात आहेत. तू दाबलेल्यात एकच बटण ओळीनं तीनदा वाजलं नाही. म्हटलं, जाऊ दे, बाळाला तेवढीच हौस." मग थोड्या वेळानं, "शनिवारचं ठाऊक नव्हतं. ते तू सांगायला हवं होतंस."

"हो."

"चौदा महिने मी विचारत होते, आणि तू यादी मोठी आहे म्हणत होतास."

"हो."

"एवढंच वाईट केलंस. बाकी नुसता मूर्खपणा होता."

डॉक्टरांनी तपासायला बराच वेळ घेतला. दोन वेगवेगळ्या यंत्रांपुढे बसवलं. मग त्यांनी खुर्ची अक्काजवळ ओढली आणि सांगितलं, की या काळात डोळ्यातला दाब वाढत गेलाय, आतली नस सुकलीय. बुबुळ बसवता येईल, पण त्यानं उजेड थोडा जास्त कळेल, एवढंच. अक्षर दिसणार नाही.

"गेल्या वर्षी बसवलं असतं तर?" काकांनी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

डॉक्टर काकांकडे बघून म्हणाले, "तसं आता सांगता येत नाही." म्हणजे सांगता येत होतं.

अक्काचा अंगठा तर्जनीवर घासत होता, छापखान्यात ओलं प्रुफ चाचपायची तसा.

"यादीत माझ्यानंतर कोण आहे?"

"आहेत बऱ्याच जणी, बरेच जण."

"मग ज्याला अक्षर दिसेल त्याला द्या. उजेड मला आहे तेवढा पुरे."

"घाई करू नका आजी, घरी विचार..."

"चार तासांचीच मुदत असते ना? मग विचार कसला? बोलवा त्याला. आणि त्यानं फोन उचलला नाही तर चौथ्यांदाही लावा."

नकाराच्या कागदावर सही करायची होती. काकांनी तिचं बोट रेघेवर टेकवलं. सही रेघेच्या वर चढली, पण अक्षर अजूनही छापल्यासारखं होतं. खिडकीशी कागद देताना अक्कानं त्या तरुण कारकुनाला विचारलं, "मागच्या वर्षीचं कुणाला मिळालं हो? माझ्या वाटणीचं?"

"सांगता येत नाही, आजी. ती माहिती गुप्त असते."

अक्का हसली. खरंखुरं हसली, खांदे हलेपर्यंत. "चांगलं आहे. नीट सांभाळा."

बाहेर पडताना काकांनी सवयीनं तिचा दंड धरला. दारातल्या मावशी, ज्या दिवसभर असल्याच पेशंटना ने-आण करत होत्या, त्या पुढे झाल्या. "तसं नाही दादा. तुम्ही धरायचं नाही, ढकलल्यासारखं होतं त्यांना. तुमचं कोपर द्या. त्या धरतील. आणि तुम्ही एक पाऊल पुढे चालायचं."

काकांनी दंड सोडला आणि कोपर पुढे केलं. ते कुठे आहे हे शोधायला अक्काला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ काका हलले नाहीत. मग तिची बोटं कोपराच्या वर बसली, हलकीच.

समोर दगडी पायऱ्या होत्या.

"पायरी आली की सांगत जा," अक्का म्हणाली. "पाय पडायच्या आधी."

"हो," काका म्हणाले. "आता एक आहे. उतरती."